आजीच्या मरणाचे अकरा गुण

आपण गेल्या फेब्रुवारीतच वारलो, हे इर्मा ऑस्टगार्डला ऑक्टोबरात कळलं. त्या वेळी ती लेकीच्या स्वयंपाकघरात ॲपल पायसाठी सफरचंदं सोलत होती.

खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून इर्मा मिनियापोलिसच्या बाहेरच्या वस्तीत लेकीकडे, जूडिथकडे, राहायला आली होती. जिना चढायचा नाही, वाकायचं नाही, गाडी चालवायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं. पण सोलायला खुबा लागत नाही, म्हणून घरातली सगळी सोलासोली तिच्या वाट्याला आली होती. नात ब्रिटा बारावीला होती, आणि कॉलेजच्या प्रवेशासाठी जी मोठी परीक्षा देतात तिचा निकाल त्या दुपारी लागला होता. गणित बरं, वाचन बरं, आणि लेखनाच्या निबंधाला बारापैकी अकरा.

"अकरा!" जूडिथ आतल्या खोलीतून ओरडतच आली. "आई, ऐकलंस का? दोन तपासनीस असतात. एकानं सहापैकी सहा दिले, दुसऱ्यानं पाच. तुझ्यावर गेलीय पोरगी!"

इर्माला बरं वाटलं. का नाही वाटणार? शेतकऱ्यांच्या पोरांना इंग्रजी वाक्य सरळ कसं लिहायचं ते शिकवण्यात तिची हयात गेली होती.

"वाच की मग," ती म्हणाली. "पेपर दाखवतात ना हल्ली?"

"दाखवतात. हा बघ, छापूनच आणलाय. फ्रिजवर लावते."

"आई, फ्रिजवर नको," ब्रिटा दारात येऊन म्हणाली. "अक्षर घाण आलंय."

"अक्षराला कोण विचारतंय? अकरा मिळालेत!"

इर्मानं हात पुसले, चष्मा लावला आणि कागद हातात घेतला. प्रश्न होता, नियम मोडणं कधी योग्य ठरतं का. पहिल्या परिच्छेदात एक पुढारी येऊन गेला. दुसऱ्यात एक कादंबरी आली, जी ब्रिटानं अर्धवट टाकली होती हे इर्माला ठाऊक होतं. तिसरा परिच्छेद असा होता:

'माझी लाडकी आजी इर्मा गेल्या फेब्रुवारीत कर्करोगाशी अथक आणि अविरत झुंज देत असताना एका सहृदय परिचारिकेने रुग्णालयाचा कठोर नियम मोडून मला तिच्या शय्येपाशी बसू दिले. तिचा थरथरता हात माझ्या हातात असतानाच तिने अखेरचा श्वास घेतला. त्या अविस्मरणीय क्षणी मला उमगले की...'

इर्मानं कागद खाली ठेवला.

"ब्रिटा, मी मेले का गं?"

"फक्त निबंधात, आजी."

"कशानं?"

"कॅन्सरनं."

"कसल्या?"

"ते लिहायला जागा नव्हती."

"जागा नव्हती? 'अथक' आणि 'अविरत' शेजारी शेजारी बसवायला बरी जागा होती!"

जूडिथ ओशाळं हसली. "आई, मनाला लावून घेऊ नकोस. क्लासमध्ये तसंच शिकवतात. सगळेच कुणाला ना कुणाला मारतात."

"मग ॲरिझोनातल्या आजीला का नाही मारलं? ती लांब आहे, तिला कळलंही नसतं."

"मारून बघितलं," ब्रिटा जमिनीकडे बघत म्हणाली. "जमेना. ती सारखी गोल्फ खेळत असते. खरंच वाटत नव्हतं."

इर्माला हसू फुटलं. हसता हसता तिनं पुन्हा तो परिच्छेद वाचला आणि हसू विरलं. तोंडात खवट तेलाचा घास आल्यासारखं झालं. मेल्याचं तिला काही नव्हतं. या वयात माणूस अधूनमधून त्याचा विचार करतोच. पण तो थरथरता हात! तिचा हात आयुष्यात कधी थरथरला नव्हता. तो हात कुणाचाच नव्हता. दुकानात टांगलेल्या भेटकार्डांवर असतो तसला होता. तो तिच्या मनगटाला चिकटवून पोरीनं अकरा गुण आणले होते.

तिनं सोललेली सफरचंदं तपकिरी पडली. ॲपल पाय झाला, सगळ्यांनी खाल्ला. तिनं मात्र खाल्ला नाही. मेलेल्या माणसाला भूक नसते, असं म्हणाली. जूडिथनं काटा बशीत आपटला.

*

इर्मा जिथं शिकली ती शाळा एका खोलीची होती. चहूकडे सपाट माळ, मध्ये लोखंडी शेगडी, आणि मिस थोरा नावाची उंच, हाडकुळी बाई. मिस थोरा वहीतल्या शब्दावर बोट ठेवायची आणि विचारायची, "हा शब्द तुझा आहे का?" हो म्हणता आलं तर शब्द राहायचा. नाही आलं तर आपणच खोडायचा, तिनं नाही.

इर्मानं एकदा 'सोनेरी सूर्यास्त' असं लिहिलं होतं. संध्याकाळपर्यंत मिस थोरानं इर्माला थांबवून घेतलं आणि बाहेर नेलं. पश्चिमेला उकडलेल्या सलगमाचा रंग होता. इर्मानं वहीत तसं लिहिलं. सत्तर वर्षं होत आली, तो सूर्यास्त तिला अजून दिसतो. सोनेरी म्हणून लिहिला असता तर त्याच रात्री विसरली असती.

पुढं शिक्षिका होण्यासाठी कॉलेजात जायचं ठरलं तेव्हा कॉलेजनं एका पानाचं पत्र मागवलं होतं: तुम्हाला इथं का यायचं आहे? तिनं लिहिलं, जन्मभर गाईंचं दूध काढायचं नाही म्हणून. तिला घेतलं. ते दिवस काही फार चांगले होते असं नाही. त्याच कॉलेजनं तिच्या मैत्रिणीला, रूथला, शिक्षिकेसाठी ती फार जाड आहे म्हणून परत पाठवलं होतं, आणि तसं तोंडावर सांगितलं होतं. इर्मा ते विसरलेली नव्हती. पण रूथला नाकारताना त्यांनी निदान 'आम्ही संपूर्ण विद्यार्थी बघतो' असं म्हटलं नव्हतं. नुसते गुण नव्हे तर सगळा माणूस बघतो, अशा अर्थाचं हे वाक्य आता प्रत्येक कॉलेजच्या माहितीपत्रकावर होतं. जूडिथच्या जेवणाच्या टेबलावर ती पत्रकं गठ्ठ्यानं पडलेली असायची. प्रत्येकावर तीच हिरवळ आणि झाडाखाली हसणारी तीच चार पोरं.

*

"मला तुझा तो क्लास बघायचाय," इर्मानं पुढच्या शनिवारी जाहीर केलं.

"आजी, नको ना."

"का? मेलेल्यांना बंदी आहे?"

क्लास दाताच्या दवाखान्याच्या वर होता. सुदैवानं लिफ्ट होती. भिंतभर फोटो लावलेले: कॉलेजचे नवे सदरे घातलेली मुलं, मागं आईबाप, आजीआजोबा, पुढं केक. चालवणाऱ्याचं नाव ब्रॉक टॅलमन. चाळिशीचा, विणलेलं जाकीट घातलेला, दात असे की खालच्या दवाखान्याचीच जाहिरात वाटावी. सगळ्यांनी त्याला नुसतं ब्रॉक म्हणायचं, असा तिथला नियम होता.

"ही माझी आजी," ब्रिटा पुटपुटली.

"तुम्हीच का त्या!" टॅलमननं इर्माचा हात दोन्ही हातांत घेतला. "अहो, तुम्ही तर आम्हाला अकरा मिळवून दिलेत! आणि किती छान दिसताय!"

"मेलेल्या बाईच्या मानानं," इर्मा म्हणाली.

तो मनापासून हसला. त्याला ओशाळवाणं काहीच वाटलं नाही, आणि इर्माला त्याचीच पहिली शिसारी आली. तिला वाटलं होतं, निदान खाली बघेल.

"मॅडम, तुम्ही शिक्षिका होतात, तुम्हाला सांगायला काय," तो खुर्ची ओढून बसला. "तपासणाऱ्याला एका निबंधाला दोन-तीन मिनिटं मिळतात. त्यात तो काय बघणार? लिहिलेलं खरं की खोटं, ते बघायचंच नाही असं त्यांना सांगितलेलं असतं. मग राहिलं काय? दोन्ही पानं शेवटच्या ओळीपर्यंत भरायची. मोठे शब्द पेरायचे. आणि तीन गोष्टी खिशात ठेवायच्या: एक इतिहासातली, एक पुस्तकातली, एक घरातली. प्रश्न कुठलाही येवो, याच तीन काढायच्या."

"आणि घरातल्या गोष्टीत कुणीतरी मरायला हवं."

"हवंच असं नाही. पण आजी चालते. आजोबा तेवढे चालत नाहीत, का कोण जाणे. कुत्रं पूर्वी फार चालायचं. आता सगळ्यांचीच कुत्री मेलीत."

इर्मानं भिंतीकडे मान वळवली. "यातले किती गेले?"

"काय?"

"फोटोत केक खाताहेत ते. यातले किती वारलेत?"

"तुम्ही मोठ्या गमत्या आहात, मॅडम!" टॅलमननं मांडीवर थाप मारली.

"आणि एखाद्यानं खरंच लिहिलं तर?"

"लिहू दे की. पण खरं लांबत नाही हो. अर्ध्या पानात संपतं."

ते बरोबर होतं. खरं अर्ध्या पानातच संपतं. तिनं स्वतः मुलांना तेच शिकवलं होतं, फक्त चांगली गोष्ट म्हणून.

मग टॅलमननं खणातून दुसरा कागद काढला. हा ब्रिटाचा घरी लिहिलेला निबंध होता, कॉलेजच्या अर्जाबरोबर पाठवायचा. त्यानं तो कोपऱ्याला दोन बोटांत धरला होता, मांजरीनं आणून टाकलेला उंदीर धरावा तसा.

"ब्रिटा, हे काय आहे?"

"माझा निबंध."

"पायाची नखं? म्हाताऱ्या बाईच्या पायाची नखं? माफ करा हं, मॅडम. अगं, प्रवेश कचेरीतला माणूस टेबलावर सँडविच खात खात हे वाचणार! आणि ते एक वेळ सोड. यात ही बाई ऑगस्टमध्ये जिवंत आहे! परीक्षेत ती फेब्रुवारीत गेलीय!"

"पण परीक्षेतला निबंध कोण बघतंय?" ब्रिटा म्हणाली. "कॉलेजला नुसता आकडा जातो ना?"

"मागवला तर निबंधही मिळतो. काही कॉलेजं लेखनाचा आकडा बघतच नाहीत. काही बघतात आणि सांगत नाहीत. काही दोन्ही निबंध शेजारी ठेवतात, घरचा बाहेरून लिहून आणलाय का ते ताडायला. कोण काय करतं हे कुणालाच ठाऊक नाही. तुझं ते गवतवालं कॉलेज तर त्यांतही विचित्र."

गवतवालं कॉलेज विस्कॉन्सिनमध्ये होतं. छोटं, जुनं, आणि त्याच्या मागं नांगर कधीच न लागलेला माळ होता. ब्रिटाला गवतं शिकायची होती. लहानपणी इर्माच्या घरी आली की ती रस्त्याकडेच्या गवताच्या काड्या आणून नावं विचारायची. त्या कॉलेजसाठीच ती या क्लासच्या पायऱ्या चढली होती.

"मग काय करायचं?" ब्रिटानं विचारलं.

"सोपं आहे. नखं फेकून द्यायची आणि घरचा निबंधही मरणावरच लिहायचा. जरा फुलवून."

"म्हणजे मी मेलेलीच राहायचं," इर्मा म्हणाली.

"फक्त प्रवेश होईपर्यंत, मॅडम."

*

खाली गाडीत बसल्यावर इर्मानं हात पुढं केला. "दे तो."

"आजी, तुला राग येईल."

"मरणाहून वाईट काय असणार? दे."

ब्रिटानं गाडी सुरू केली नाही. इर्मा वाचू लागली.

'आजीला ऑपरेशननंतर वाकता येत नव्हते. तिच्या पायाची नखं शिंगासारखी झाली होती. मी न्हाणीघरातली कात्री आणली तर ती म्हणाली, ही मोडेल, बागेतली आण. मी तिचा पाय मांडीवर घेतला. पायाला ओल्या लोकरीचा वास येत होता. मला किळस आली. तिला ते कळले. आम्ही दोघी काही बोललो नाही. चौथ्या बोटानंतर किळस गेली.'

असंच पुढं पाऊण पान होतं. इर्माचं बोट सवयीनं ओळींवरून फिरत होतं, मिस थोराचं फिरायचं तसं. ते कुठंच अडलं नाही. तिनं कागद मांडीवर ठेवला आणि खिडकीबाहेर बघत राहिली. दवाखान्यातून गालाला हात लावून एक माणूस बाहेर पडत होता.

"वाईट आहे ना?" ब्रिटानं विचारलं.

"ओल्या लोकरीचा नाही, ओल्या कुत्र्याचा," इर्मा म्हणाली. "पण तुला लोकर वाटली असेल तर लोकर ठेव."

"मी काय करू, आजी? आई म्हणते, ब्रॉक सांगेल तसं कर. मला तिथं खरंच जायचंय."

"नाव तुझं, कॉलेज तुझं. मला मारायचं तर मार." इर्मानं पट्टा ओढून लावला. "पण मारशील तर कमी शब्दांत मार. अथक आणि अविरत मला सोसणार नाही."

ब्रिटा हसली, मग स्टीअरिंगवर डोकं टेकून रडली. इर्मानं तिला रडू दिलं.

नोव्हेंबरात एका सकाळी कॉर्नफ्लेक्स खाता खाता, आई आंघोळीला गेलेली बघून, ब्रिटा हळूच म्हणाली, "पाठवला. नखं पाठवली. तू जिवंत आहेस."

"बरं वाटलं ऐकून," इर्मा म्हणाली, आणि दूध तिच्याकडे सरकवलं.

*

जानेवारीत, बर्फ गुडघाभर साचलेलं असताना, फोन वाजला. घरात इर्मा एकटीच होती.

"मी एलियट क्रॅमर, प्रवेश विभागातून," तरुण, गोड आवाज होता. त्यानं त्या गवतवाल्या कॉलेजचं नाव सांगितलं. "ब्रिटाचे आईवडील आहेत का? शाळेच्या समुपदेशक बाई रजेवर आहेत, म्हणून थेट घरी फोन केला."

"कामावर गेलेत. मी तिची आजी."

पलीकडं कागद उलटल्याचा आवाज आला.

"कुठली आजी, मॅडम?"

इर्मा उभी होती ती खुर्चीत बसली. उत्तर तयार होतं. वारली ती दुसरी, ॲरिझोनातली. एवढं एकच वाक्य. ते इतकं सहज जिभेवर आलं की ती दचकली. टॅलमननंच तोंडात घालून ठेवल्यासारखं होतं ते. आणि ते म्हटलं तर पोरीचं भलं होणार होतं. तिनं ते गिळलं. गिळतानाही त्याची चव लागलीच.

"निबंधातली," ती म्हणाली. "दोन्ही निबंधांतली. मेलेली मीच आणि नखंवालीही मीच. परीक्षेतलं पोरीनं बनवून लिहिलं, क्लासमध्ये तसं शिकवतात. घरचं खरं आहे. मारायचं तर आता मला मारा, तिला नको."

क्रॅमर हसू लागला. सुटल्यासारखा हसत होता.

"अहो मॅडम, घाबरू नका! तुम्ही जिवंत आहात, आनंद आहे. पण खरं म्हणजे तो आमचा प्रश्नच नाही."

"प्रश्न नाही?"

"परीक्षेतला निबंध खरा असावा अशी अटच नाही ना. आम्ही फक्त बघतो, दोन्ही एकाच हातचे आहेत का. सहसा घरचा भारी असतो आणि परीक्षेतला साधा. मग संशय येतो. इथं उलटं झालं. परीक्षेतला इतका संपन्न, आणि घरचा अगदी... साधा. आम्ही जरा गोंधळलो. दोन्ही तिनंच लिहिलेत ना?"

"तिनंच."

"झालं तर मग. मी तशी खूण करतो."

इर्माला वाटलं फोन ठेवावा. पण शिक्षिकेची खोड जात नाही. "क्रॅमर, एक विचारू? त्या अकराला तुमच्याकडं वजन किती?"

"आम्ही संपूर्ण विद्यार्थी बघतो, मॅडम."

"ते पत्रकावर वाचलं. वजन किती?"

तो घुटमळला. "खरं सांगू? ठरलेलं असं नाही. आमच्या बरोबरीची कॉलेजं लेखनाचा आकडा मागवतात, म्हणून आम्हीही मागवतो. कुणी बघतं, कुणी नाही. ज्याचा त्याचा कल."

"आणि दोहोंतला तुम्हाला कुठला आवडला?"

"माझं वैयक्तिक मत हं. परीक्षेतला. अंगावर काटा आला माझ्या. तो थरथरता हात... मला माझीच आजी आठवली. नखांचं वाचून समितीतल्या एक-दोघांनी तोंडं वाकडी केली. त्यात भावनेची खोली कमी वाटते."

"तुमची आजी आहे?"

"आहे की. मिलवॉकीला."

"तिला फोन करा," इर्मा म्हणाली. "कुठंतरी मेली असेल."

फोन ठेवून ती मोरीपाशी गेली आणि दोनदा चूळ भरली.

*

मार्चअखेर कॉलेजचं उत्तर आलं. नकार नव्हता, होकारही नव्हता. ब्रिटाचं नाव वेटिंगवर होतं. खाली गोड भाषेत सुचवलं होतं, की अर्जात भर घालणारं, तिची भावनिक बाजू दाखवणारं काही लिहून पाठवायचं असेल तर अवश्य पाठवावं. जागा झाल्यास समिती त्याचा विचार करील.

जूडिथ आईवर उखडली. फोनची गोष्ट तिला तेव्हाच कळली.

"एक वाक्य, आई! एक वाक्य बोलली असतीस तर काय बिघडलं असतं? सगळं जग बोलतं!"

"त्यांना खऱ्याखोट्याचं काही नव्हतंच, जूडिथ. त्यांना मरण आवडलं, नखं नाही आवडली."

"मग द्यायचं त्यांना मरण! तुझ्या बापाचं काय जातंय?"

"माझंच तर जातंय," इर्मा म्हणाली. पण तिच्या आवाजात जोर नव्हता. रात्री पडल्या पडल्या तिला वाटत राही, आपल्या ताठ्याची किंमत पोर मोजतेय. मिस थोरानं काय केलं असतं? मिस थोराला नात नव्हती.

एप्रिलात खुबा चालता झाला आणि इर्मा आपल्या गावी, आपल्या घरी परतली. परसात रुबार्बची भाजी वर आली होती, आंबट लाल देठांची. महिना संपता संपता एका शनिवारी ब्रिटा एकटीच गाडी घेऊन आली. राज्याच्या विद्यापीठात तिला जागा मिळाली होती. त्यांनी लेखनाचा आकडा विचारलाच नव्हता. पण वेटिंगवर राहायचं की नाही ते गवतवाल्या कॉलेजला दोन दिवसांत कळवायचं होतं.

"ब्रॉकनं आईला फोन केला होता," ती ओट्यावर बसून रुबार्बचा देठ साखरेत बुडवून खात म्हणाली. "म्हणाला, छोटंसं पत्र पाठवा. ऑपरेशननंतर आजीची तब्येत बिघडली आणि परवाच..."

"पुन्हा?"

"पुन्हा. म्हणाला, आता कुणी शंकासुद्धा घेणार नाही."

"त्या क्रॅमरशी मी स्वतः बोललेय!"

"म्हणूनच, म्हणाला. त्याला जास्त वाईट वाटेल."

इर्माच्या डोळ्यांपुढं तो गोड आवाजाचा तरुण आला, हातात पत्र, अंगावर काटा. तो खरंच रडला असता. हेच सगळ्यात घाण होतं, की तो खरंच रडला असता.

"तुझं काय?" तिनं विचारलं.

ब्रिटानं देठ चावून संपवला. "गवत विद्यापीठाच्या मागंही आहे. बघून आले मी. माळ नांगरलेला आहे, पण गवत पुन्हा पेरताहेत." ती ओट्यावरून उतरली. "बागेतली कात्री कुठंय? तुझी नखं किती वाढलीत ते तरी बघू."

अंगणात उन्हात खुर्ची टाकून इर्मा बसली. ब्रिटानं तिचा डावा पाय मांडीवर घेतला आणि कटाकट नखं काढली. तुकडे गवतात उडत होते. डावा झाल्यावर तिनं हात झटकले, आतून कॉम्प्युटर आणला, मांडीवर उघडला, थोडं लिहिलं आणि आजीपुढं धरला.

'वेटिंग लिस्टवरून माझे नाव काढावे. मनापासून आभार.'

इर्मानं चष्मा चढवला आणि 'मनापासून'वर बोट ठेवलं.

"हा शब्द तुझा आहे का?"

ब्रिटानं बघितलं. "नाही."

"मग?"

तिनं तो खोडला. राहिलं नुसतं 'आभार'. इर्मा बोट उचलणार होती, पण ब्रिटा त्या उरलेल्या शब्दाकडे बघत होती. थोड्या वेळानं तिनं तोही पुसला आणि पत्र पाठवून दिलं.

मग ती पुन्हा गवतात बसली. उजवा पाय राहिला होता.